गाय हाडूक का चघळते?

ही गाय काय चघळतीये, नीट बघा. तोंडाच्या कडेने पांढरं टोक बाहेर आलंय ना, हाडूक आहे ते. माणदेशातला माळ, मार्च संपत आलाय, कुसळी गवत वाळून खडखडीत झालंय आणि ही बाई चरायचं सोडून कधीची त्या हाडाशी झटतीये. सोबतचे आबा म्हणतात, "खोडच हाय तिला, हाकललं तरी परत तिथंच जाती."

खोड नाहीये ती, बहुतेक वेळा फॉस्फरस कमी पडल्याचं लक्षण असतं, आणि हाडात तो भरपूर असतो. कोवळ्या हिरव्या गवतात फॉस्फरस बऱ्यापैकी असतो, बी झडून गवत वाळलं की काडीत उरतो अगदी थोडा, आणि पोटातल्या जिवाणूंनाही चारा पचवायला तोच लागतो, त्यामुळे जनावर खातंही कमी आणि खाल्लेलं अंगीही लागत नाही. मग कालवडी वेळेवर माजावर येत नाहीत, आल्या तर उलटतात (गाभ न राहता पुन्हा माजावर येतात), आणि आपण शिव्या घालतो वळूला.

ही हाडांची भानगड उलगडली ती दक्षिण आफ्रिकेत. व्रायबर्ग भागात कुरणावरची गुरं लुळी पडून मरायची, तिथले लोक त्याला लामसिक्टे म्हणायचे. मूळचे स्वित्झर्लंडचे पशुवैद्य आर्नल्ड थायलर १९१९-२० च्या सुमाराला त्याच्या मुळाशी गेले. मेलेल्या जनावराच्या हाडाला चिकटलेल्या सडक्या मांसात बॉट्युलिझमचं विष (जिवाणूंनी तयार केलेलं, अंग लुळं पाडणारं), आणि गुरं ती हाडं तोंडात घेत होती कारण गवतात फॉस्फरसच नव्हता. उपाय काय सापडला, तर स्वच्छ हाडांचा भुगा! हाडानेच मरत होती आणि हाडानेच वाचली. आता भुग्याऐवजी मिनरल मिक्श्चरमध्ये (गुरांना द्यायच्या खनिजांच्या भुकटीत) फॉस्फरससाठी डायकॅल्शियम फॉस्फेट असतं.

आता शेजारच्या गोठ्यातलं हे एचएफ क्रॉसचं (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकराचं) वासरू बघा. काळं आहे, पण पाठीवर केसांना गंजल्यासारखी तांबूस झाक आलीये, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं फिकट वलय. हे तांब्याच्या कमतरतेचं असू शकतं. दुधात तांबं नावालाच असतं, वासरू जगतं ते आईच्या पोटात असताना लिव्हरमध्ये साठवलेल्यावर, म्हणजे गाभणपणी शेवटच्या महिन्यांत आईलाच कमी पडलं असेल तर हे जन्मतःच खिसा रिकामा घेऊन आलं. (खिल्लार वासरात हा रंग ओळखूच येत नाही, ते मुळात पांढरट.) जंत आणि नुसती उपासमार यांनीही केस असेच राठ होतात, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा, उगाच तांब्याचं औषध पाजू नका, तांबं जास्त झालं तर विष होतं.

आईचंही तसंच. एक लिटर दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि जवळपास १ ग्रॅम फॉस्फरस बाहेर जातो. चाऱ्यातून मिळाला नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते, आणि तेही पुरेनासं झालं की दूध आटतं. वासराला तिथे दुसरा फटका.

आबांना सांगितलं, गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, त्यातच मिनरल मिक्श्चर कालवून द्या, कालवडीला दिवसाला साधारण ५० ग्रॅम, वासराला २०-२५. आबांनी गोठ्यात टांगलेल्या गुलाबी खड्याकडे बोट केलं. "मग ह्यो कशाला आणलाय?"

मिठासाठी, आबा. चाटू दे की. फॉस्फरस नाही त्यात.