मागणी फक्त एकदाच वाढली होती

पुण्यातला एमबीएचा वर्ग. या चौघा विद्यार्थ्यांना आपापसात बोलायची परवानगी नाही. प्रत्येकापुढे संगणक. पहिला किरकोळ दुकानदार, दुसरा घाऊक व्यापारी, तिसरा वितरक आणि चौथी कारखानदार. खेळाचं नाव ‘बिअर गेम’. एक फेरी म्हणजे एक आठवडा, आणि निर्णय एकच: पुढच्या टप्प्याकडे बिअरच्या किती पेट्यांची ऑर्डर द्यायची? पडून राहिलेल्या पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, देता न आलेल्या पेटीमागे एक डॉलर.

गिऱ्हाईक सुरुवातीला आठवड्याला चार पेट्या मागतं. पाचव्या आठवड्यात आठ, आणि तिथून शेवटपर्यंत आठच. पण हे दिसतं फक्त दुकानदाराला. माल पोचायला वेळ लागतो, साठा संपतो, तो ऑर्डर वाढवतो. घाऊक व्यापारी त्याहून वाढवतो. कारखानदार झालेल्या या मुलीचा हात बघा. वीस टाइप केले, खोडले, चाळीस केले.

या खेळाचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आहे. जे फॉरेस्टर हे संगणक अभियंते. ‘व्हर्लविंड’ संगणक त्यांनीच उभारला. 1956 साली ते तिथल्या व्यवस्थापन विभागात आले. जनरल इलेक्ट्रिकच्या अधिकाऱ्यांना एक कोडं पडलं होतं: केंटकीतल्या कारखान्यात कधी तीन पाळ्या चालतात, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसतात. फॉरेस्टरनी कामगारभरतीचे आणि साठ्याचे नियम विचारून घेतले आणि वहीच्या पानावर आकडेमोड केली. मागणी स्थिर धरली, तरी कामगारसंख्या वरखाली होतच राहिली. दोष कंपनीच्या स्वतःच्या नियमांत होता. याच अभ्यासातून पुढे हा खेळ आला. वर्षानुवर्षं तो पटावर सोंगट्या सरकवत खेळला गेला. आता संगणक प्रत्येकाचा आलेख लगेच काढून देतो.

हा बघा आलेख. चाळीस पेट्या आल्या, तेव्हा त्या कुणालाच नको होत्या. एमआयटीतले प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी 1989 साली कारण दाखवलं: दिलेली, पण अजून न पोचलेली ऑर्डर खेळाडू हिशोबात पुरेशी धरत नाहीत. प्रत्यक्ष बाजारात याचे पैसे आणि नोकऱ्या जातात.

आता प्राध्यापक विचारतायत, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, असं वाटतं? कारखानदार मुलगी फळ्यावर मोठा उंचवटा काढते. खरी रेघ दिसल्यावर ती दुकानदाराकडे बघते. खरं शिकणं इथे सुरू होतं, म्हणून खेळानंतरच्या या चर्चेला पूर्ण तास मिळायलाच हवा. पुढच्या डावात चौघांनाही गिऱ्हाइकाची खरी मागणी आणि एकमेकांचा साठा दिसणार आहे.