बाजू पालटायची, पण मधे उठायचं नाही

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय अख्ख्या अल्बमबद्दल आणि अख्ख्या खेळाबद्दल. 'अख्खा' हा शब्द ध्यानात ठेवा, तो मी पुन्हा म्हणणार आहे.

पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम १९७३ सालचा. सगळा मिळून साधारण ४३ मिनिटांचा. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच विरतो. मधे एकाएकी घड्याळांचा गजर उठतो. ती घड्याळं ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. एका गाण्यातून दुसऱ्यात आपण कधी शिरलो ते कळतसुद्धा नाही. म्हणून तो अख्खा ऐकायचा. त्यातलं एकच गाणं वेगळं काढणं म्हणजे आलाप गाळून थेट द्रुत ऐकणं.

आणि हो, गाणं पुरतं विरायच्या आत त्यावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हा निवेदकांना हे मी नेहमी सांगतो. शेवटचा सूर ऐकणाऱ्याचा असतो.

आता खेळ. 'प्रिन्स ऑफ पर्शिया', १९८९. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो कड्याला लोंबकळला की आपलेच हात ताणले जातात. राजकन्येला सोडवायला मिनिटं फक्त ६०. म्हणजे हाही एका बैठकीचाच. अल्बमसारखाच, अख्खा.

तर गोष्ट १९९६च्या मे महिन्यातली. आम्ही सांगलीला आत्याकडे होतो. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, त्यानं कुणाकडून तरी जुना संगणक आणला होता. मॉनिटर काळा-पांढरा. त्यावर हाच खेळ. शेजारी टेपरेकॉर्डर आणि त्यात याच अल्बमची कॅसेट. दादाचा नियम होता, की बाजू संपली की पालटायची, पण मधे उठायचं नाही आणि पुढे ढकलायची नाही. आठवडाभर आम्ही तसेच खेळलो. दादाच्या हातात कळफलकावरचे बाण, माझं बोट तलवार चालवणाऱ्या शिफ्टवर.

चौथ्या टप्प्यात वाटेत एक आरसा येतो. धावत येऊन त्याच्यातून उडी मारावी लागते. मारली, की पलीकडून आपलीच सावली निघून पळते आणि पडद्याच्या तळाशी त्रिकोणांत मोजला जाणारा आपला जीव एका त्रिकोणावर येतो. मग ती सावली जागोजागी आडवी येते. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की हा खेळ मुळात ज्यावर बनला त्या ॲपल टू संगणकाच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मेक्नरनं राजपुत्राचीच चित्रं वापरून ही सावली केली. जागा नव्हती म्हणून सावली आली, आणि खेळाचा जीव तीच ठरली.

बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहिली. आम्ही लढलो, मेलो. पुन्हा लढलो, पुन्हा मेलो. दादाच्या कपाळावर घाम. कॅसेट केव्हाच खट्कन थांबली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा दादानं बाजू पालटली नव्हती.

आत्या चहा घेऊन आली. कपबशी हातात धरूनच दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अरे, तू त्याला मारतोयस आणि खालचे त्रिकोण तुझे कमी होतायत."

"आई, थांब गं जरा."

"थांबते. पण तो तूच आहेस ना? मग मारतोस कशाला? ठेव ती तलवार."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी शिफ्टवरचं बोट उचललं. त्यानं खालचा बाण दाबला. राजपुत्रानं तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनंही केली. दोघं एकमेकांकडे धावले, पडदा लख्ख झाला आणि एकच राजपुत्र उरला. पुढे खोल दरी होती. दादानं बाण सोडलाच नाही, आणि पोकळीत पाय पडेल तिथे एकेक फरशी उमटत गेली.

श्रोतेहो, आत्यानं आयुष्यात कळफलकाला हात लावला नव्हता. पण ती अख्खं बघत होती. आम्ही नुसती तलवार बघत होतो.

दादा ओरडला, तशी शेजारची माणसंसुद्धा दारात आली. आत्या म्हणाली, "चहा निवला. परत तापवून आणते," आणि जाता जाता तिनंच कॅसेटची बाजू पालटली.