पोखरलेली नवती

वरूड तालुक्यातील एका संत्राबागेत जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची कलमे दोन पावसाळे काढून उभी आहेत. त्यांच्या नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर दिसणारी चंदेरी, नागमोडी रेघ ही पाने पोखरणाऱ्या अळीची, म्हणजेच नागअळीची वाट आहे. पानाच्या पापुद्र्याखाली राहून ही पिवळसर अळी पान खात पुढे सरकते आणि शेवटी पानाची कड दुमडून तिथेच कोषात जाते.

अशी चुरगळलेली पाने पाहिली की हात आपसूक कात्रीकडे वळतो, पण तो आवरला पाहिजे. पानाचा जेवढा भाग हिरवा उरला आहे, तेवढा झाडासाठी अन्न तयार करत असतो. उलट छाटणी केली की पुन्हा कोवळी फूट येते आणि नागअळीला नेमकी तीच हवी असते, कारण निबर पानात तिचा शिरकाव होत नाही. म्हणून येथे कात्री चालते ती फक्त पाणसोटांवर, म्हणजे कलमाच्या डोळ्याखाली खुंटातून निघालेल्या फांद्यांवर.

शेजारच्या फांदीवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे दिसते आहे, ती लिंबावरील फुलपाखराची लहान अळी आहे. वाढल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाची शिंगे बाहेर काढते. कमरेएवढ्या झाडावरून ती हाताने वेचता येते, आणि औषधाचा पंप पाठीवर घेण्याआधी हे करून पाहावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

नवतीसाठी निंबोळी अर्क घरीच तयार होतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवल्या जातात, सकाळी तो लगदा फडक्यातून पिळून घेतला जातो, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण द्रावण शंभर लिटर केले जाते आणि ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचेल अशा रीतीने त्याची फवारणी होते. आळ्यात कुजलेले शेणखत पडते. युरियाचा हात मात्र आखडता ठेवला जातो, कारण जादा नत्राने लुसलुशीत नवती येतच राहते. पाणी खोडाला न लागता बाहेरच्या आळ्यात फिरते.

याच नवतीवर रस शोषणारी सिट्रस सायला ही बारीक कीड संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवते, आणि त्या रोगातून झाड बरे होत नाही.

यातलेच एक झाड दिवाळीनंतर पाहा. खालची पाने अजून चुरगळलेलीच आहेत. वरची सपाट, गडद आणि निबर झाली आहेत.