डावा हात, उजवा हात आणि पुढची जागा

नमस्कार, श्रोतेहो. जॅझ पियानोवादक सोलो घेतो, म्हणजे समोर कागद नसताना त्या क्षणी सुचेल तसं वाजवतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते आज बोलू. सायकल शिकणारं पोर चाकाकडे बघतं आणि पडतं. इथंही तसंच. हाताखाली वाजत असलेल्या सुराकडे बघणारा पडतो. नजर पुढच्या जागेवर हवी. एवढं ध्यानात ठेवा: पुढची जागा.

घरी हार्मोनियम असेल तर हे लगेच कळेल. पांढरी एकचा सा धरा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. जॅझमध्ये पावलोपावली भेटणाऱ्या तीन कॉर्ड अशा: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. पियानोवादकाचा डावा हात हे चारही सूर वाजवत बसत नाही, दोनच घेतो. आधी म आणि वरचा सा. मग म तिथंच, सा उतरून नी. मग नी तिथंच, म उतरून ग. पुन्हा एकदा: म-सा, म-नी, ग-नी. दर वेळी एकच बोट हलतं, तेही शेजारच्या पट्टीवर. वाजवाल ते मध्य सप्तकात. खर्जात दोन सूर एकमेकांत मिसळतात आणि नुसती गुरगुर उरते.

आता उजवा हात. तिसऱ्या कॉर्डमध्ये ग आहे, हे वादकाला दोन बार, म्हणजे चार-चार मात्रांचे दोन खंड, आधीच ठाऊक असतं. तो ग ठरवतो आणि तिथवरची वाट चालता चालता काढतो. आपला तबलजी सम डोळ्यांसमोर ठेवून तिहाई उचलतो, तोच हिशेब. जॅझमधला बारा बारचा ठरलेला फेरा, ब्लूज, घ्या. दर बारला ४ मात्रा, एकूण ४८, म्हणजे तीनतालाची ३ आवर्तनं. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर अख्खा फेरा २४ सेकंदांत संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून. इतक्या थोड्या वेळात नवशिका घाबरतो आणि पाठ केलेल्या ताना एकामागून एक ओततो. ट्रंपेट वाजवणाऱ्याला एरवी श्वासासाठी थांबावं लागतं, पियानोवाल्याला कुणी थांबवत नाही. म्हणून काही जाणते वादक वाजवताना सोबत गुणगुणतात. श्वास संपला की ओळ संपली. २००८ साली अमेरिकेत सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून सुचेल तसं वाजवायला लावलं, तेव्हा मेंदूतला स्वतःवर पहारा ठेवणारा भाग शांत झालेला दिसला.

आता कोलोन शहरातली एक गाजलेली मैफल. जर्मनी, २४ जानेवारी १९७५. वादक कीथ जॅरेट, अमेरिकन, वय २९. ऑपेरा हाऊसमध्ये आधी ऑपेराचा प्रयोग होता, म्हणून याची मैफल रात्री साडेअकराची. आयोजक व्हेरा ब्रँडेस, विशीही न गाठलेली मुलगी. १,४०० हून जास्त श्रोते येणार होते. जॅरेट स्वित्झर्लंडहून मोटारीनं आलेला, झोप नाही, पाठ दुखतेय. त्यानं मागितला होता ब्योझेनडॉर्फर कंपनीचा इम्पीरियल पियानो: २९० सेंटिमीटर लांब, ९७ पट्ट्यांचा. मंचावर निघाला त्याच कंपनीचा, तालमीला वापरायचा छोटा पियानो. बेसूर. वरच्या सप्तकात पत्रा वाजवल्यासारखा आवाज, खर्ज दुबळा, पेडल अडकणारं. बाहेर पाऊस, आणि दुसरा पियानो वेळेत आणणं शक्य नव्हतं. जॅरेट नाही म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. ब्रँडेस मागोमाग गेली, पावसात उभं राहून तिनं विनवलं. तो कबूल झाला.

ट्यूनर कामाला लागला. पण ट्यूनर तारेचा ताण जुळवतो. तारेवर आपटणाऱ्या हातोडीवरचा नमदा झिजून कडक झाला असेल तर सूर जुळूनही आवाज टणटणीतच राहतो. आणि छोट्या पियानोत खर्जाच्या तारा आखूड असतात, त्यांची घुमारी तेवढ्या वेळात कुणालाच वाढवता येत नाही. वाद्याचे हाल हा विषय आपल्या नागपूरलाही नवा नाही. मे महिन्यात कार्यक्रमाला कूलरचं तोंड थेट मंचाकडे करतात, ते बंद व्हायलाच हवं. ओल्या हवेनं तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो, आणि बिचारा तबलजी ख्याल सोडून हातोडी घेऊन बसतो. कूलर श्रोत्यांकडे वळवा, मंचाला बाजूनं हवा द्या.

तर कोलोन. त्या रात्री ठरलेली चीज नव्हती, ठेका नव्हता, साथीदार नव्हते. मग पुढची जागा कशी शोधायची? सुरुवातीचे सूर त्यानं ऑपेरा हाऊसच्या घंटेवरून उचलले, असं सांगतात. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तिथं श्रोत्यांचं हसू ऐकू येतं. पुढची वाट त्या पियानोनंच आखून दिली. वरचं सप्तक कर्कश, म्हणून उजवा हात बराच वेळ मधल्या पट्ट्यांत. खर्ज टिकत नाही, म्हणून डाव्या हाताची एकच आकृती पुन्हा पुन्हा. हार्मोनियमवाला तबला सोलोला लेहरा धरतो ना, अगदी तसा लेहरा. पहिला भाग सुमारे २६ मिनिटांचा, आणि त्यात जवळजवळ १२ मिनिटं दोनच कॉर्ड: ध-सा-ग-प आणि प-नी-रे. डावा हात लेहऱ्यात रुळला की त्याच्यावर लक्ष ठेवावं लागत नाही. सगळं मन उजव्या हाताच्या पुढच्या जागेकडे मोकळं होतं. त्याचं गुणगुणणंही त्या मुद्रणात ऐकू येतं.

करून बघायचं असेल तर भाता घरातल्या कुणाला तरी मारायला बसवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. डाव्या हातानं म-सा ४ मात्रा, म-नी ४ मात्रा, ग-नी ८ मात्रा. झाला तीनताल. उजव्या हाताला तार सप्तकातले रे ते ध, एवढेच पाच सूर. पहिली चार आवर्तनं नवव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या ‘खाली’च्या मात्रेवर, फक्त ग वाजवा. पुढची चार, त्या गच्या आधी दोन सूर जोडा. मग चार सूर. मात्रा चुकली तर उजवा हात उचला, डावा चालू ठेवा. सोळा मात्रांच्या आत ती ‘खाली’ची मात्रा परत येते, तिथं ग घेऊन आत शिरा.