दिसत नाही, तरी धडकत नाही

एक लांब कॉरिडॉर. वाटेत खोकी, खुर्च्या आणि इतर सामान मुद्दाम आडवंतिडवं ठेवलंय. समोरून एक गृहस्थ येतायत. त्यांची पांढरी काठी बाजूला ठेवायला सांगितली आहे. वाट मोकळी आहे, असंच त्यांना कळवलंय. मागोमाग एक संशोधक चालतोय, तोल गेला तर सावरायला. खोकं आलं की ते अंग चोरून भिंतीकडे सरकतात, खुर्चीला वळसा घालतात आणि पलीकडे पोहोचतात. कुठेही धक्का लागत नाही.

हे गृहस्थ पूर्ण अंध आहेत. आणि आपण वाटेत काही चुकवलं, याची त्यांना कल्पनाच नाही!

शास्त्रज्ञ त्यांना टी. एन. या आद्याक्षरांनी ओळखतात. पेशाने डॉक्टर. पक्षाघाताचे लागोपाठ दोन झटके आले आणि मेंदूच्या मागच्या भागातलं, दोन्ही बाजूंचं दृष्टिकेंद्र निकामी झालं. डोळे मात्र शाबूत राहिले. बिआट्रिस डी गेल्डर आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध केला.

मग ते अडथळे पाहिले कोणी?

डोळ्यातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू १० लाखांच्या घरात आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा संदेश थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या टप्प्यामार्गे दृष्टिकेंद्रात पोहोचतो, आणि 'मला दिसतंय' ही जाणीव आपल्याला होते ती त्या केंद्राच्या भरवशावर. पण काही तंतू मध्यमेंदूकडे वळतात. हा रस्ता उत्क्रांतीत फार जुना. बेडकाचं पाहणं मुख्यतः त्याच भागावर चालतं. आपल्यातही तो कधी बंद पडला नाही. तो आपल्या जाणिवेला काही कळवत नाही, एवढंच.

लंडनमध्ये लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच असा एक रुग्ण नोंदवला होता. शस्त्रक्रियेनंतर त्याला डावीकडचं दिसेना. तिथे प्रकाशाचा ठिपका दाखवून बोट करायला सांगितलं, तर बोट जवळजवळ नेमकं जाई. रेघ उभी की आडवी, हेही तो बहुतेकदा बरोबर सांगे. आणि आपण नुसता अंदाज ठोकतोय, असं मनापासून म्हणे. या क्षमतेला ब्लाइंडसाइट हे नाव पडलं. काही संशोधकांच्या मते अशा रुग्णांत पुसटशी दृष्टी उरलेली असते, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

या दृष्टीला मर्यादाही आहेत. चौकोन की वर्तुळ, हे टी. एन. यांना ओळखता आलं नाही. चेहरा रागावलेला आहे की आनंदी, हे मात्र त्यांनी १०० पैकी सुमारे ५९ वेळा बरोबर सांगितलं. निव्वळ नशिबाने ५० च्या आसपास जमलं असतं. भीतीसारख्या भावनांशी जोडलेला अमिग्डाला हा भाग त्यांच्या मेंदूत असे चेहरे दाखवल्यावर चेतत होता.

म्हणून आमची एक कळकळीची विनंती. घरातलं कुणी पक्षाघातानंतर 'या बाजूचं दिसत नाही' म्हणत असेल आणि तरी त्या बाजूची खुर्ची चुकवत असेल, तर ते सोंग करतायत असं चटकन समजू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात क्रिस्टल हक्सलिन यांच्या प्रयोगशाळेत, अर्धी दृष्टी गेलेल्या रुग्णांना अंध भागात हलणारे ठिपके दाखवून महिनोन् महिने सराव दिला गेला. त्यांतल्या काहींना, सराव झालेल्या तेवढ्या जागेपुरती, ठिपके कुठल्या दिशेने सरकतायत हे पुन्हा ओळखता येऊ लागलं.