तो 1,500 रुपयांसाठी गेला नव्हता

नमस्कार मंडळी.

(टेबलावरची वही उचलून कॅमेऱ्यासमोर धरते)

ही वही बघा. दोनशे पानी, कव्हरवर ग्रीसची बोटं उमटलेली. आमच्या व्हीएमसी मशीनच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या, सेटरची आहे. काम सुरू व्हायच्या आधी मशीन लावून देतो तो सेटर. कुठल्या जॉबला, म्हणजे बनवायच्या पार्टला, कुठला टूल, त्याच्या मापाचा ऑफसेट किती, जॉब धरून ठेवणारं कुठलं फिक्श्चर जास्त आवळलं की जॉब वाकतो, हे सगळं त्यानं 7 वर्षांत स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. शेवटच्या दिवशी ही वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, नव्या माणसाला लागेल."

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. 31 माणसं आहेत. या सेटरनं पेपर टाकला तेव्हा कारण सांगितलं, "दुसरीकडे 1,500 जास्त मिळतायत." मी म्हटलं, मी 2,000 वाढवते. तो नको म्हणाला. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. 1,500 साठी निघालेला माणूस 2,000 ला थांबला असता ना?

खरं कारण चार महिन्यांनी कळलं. गुरुवार होता, म्हणजे आमच्या एमआयडीसीची सुट्टी. चहाच्या टपरीवर तो भेटला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा ग्लास खाली ठेवून तो बोलला. "ताई, घराचा हप्ता 5 तारखेला जातो. आपला पगार कधी 9 ला, कधी 12 ला. तीनदा हप्ता बाउन्स झाला, तीनदा दंड बसला. तिसऱ्या वेळी बँकेचा माणूस घरी आला, तेव्हा सासरे समोर बसलेले होते."

जायचं त्यानं त्या दिवशीच ठरवलं होतं. पेपर टाकला सहा महिन्यांनी. मधले सहा महिने तो रोज सकाळी येत होता, मशीन लावत होता, मला नमस्कार करत होता. आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, सगळं बरं चाललंय ना?

पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांसाठी ही मुदत 1936 च्या वेतन कायद्यापासून आहे. मी ती चुकवत होते, कारण आमची बिलं उशिरा निघायची. ते खरंच होतं. पण त्याचा हप्ता माझ्या बिलांसाठी थांबत नव्हता.

तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यात 40 जॉब स्क्रॅप झाले. वही होती, पण वहीतलं कधी वापरायचं हे त्याच्या हातात होतं.

म्हणून आज हा विषय घेतलाय, माणसं काम सोडून का जातात. शेवटच्या दिवशी माणूस जे कारण सांगतो, ते बहुतेक वेळा तुमचं मन राखायला सांगितलेलं असतं. त्याला फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे, पैसे हवे असतात, अनुभवाचा दाखला हवा असतो. तो कशाला वाईटपणा घेईल? आणि आपण ते कारण खरं धरून पगाराचा तक्ता उघडून बसतो.

पैशानं माणूस थांबतच नाही, असं मी म्हणत नाही. थांबतो. याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फोर्ड या मोटार कंपनीचं आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं.

1913 साल, डेट्रॉइटजवळचा हायलंड पार्कचा कारखाना. साधारण 14,000 माणसं कामावर टिकवायला त्या एका वर्षात 52,000 च्या वर माणसं भरावी लागली. गळती, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, 370 टक्के! त्याच वर्षी तिथे फिरती असेंब्ली लाइन सुरू झाली होती. एकच काम, एकाच जागी, दिवसभर. माणसं यायची, चार दिवस बघायची आणि निघून जायची. मग 5 जानेवारी 1914 ला फोर्डनं दिवसाला 5 डॉलर जाहीर केले. आधी सरासरी 2.34 डॉलर मिळत होते. कामाचे तास 9 वरून 8 केले. गळती 1914 मध्ये 54 टक्के झाली आणि 1915 मध्ये 16 टक्के.

गोष्ट इथे संपवतात. पण पाच डॉलरच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर 1913 मध्ये, जॉन ली नावाच्या अधिकाऱ्यानं तिथे आणखी दोन कामं केली होती. एक, मनात येईल तेव्हा माणसाला काढून टाकायचा फोरमनचा अधिकार काढून घेतला. दोन, सारख्या कौशल्याच्या माणसांना फोरमनच्या मर्जीनुसार वेगवेगळा पगार मिळायचा, तो गोंधळ मोडून ठरावीक श्रेण्या लावल्या. त्या पाच डॉलरमध्येही मोठा भाग नफ्यातला वाटा होता आणि त्याला अटी होत्या. कंपनीचे तपासनीस घरी जाऊन माणूस कसा राहतो, पैसे कुठे खर्च करतो हे बघायचे. ही घरात डोकावायची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

पगार दुप्पट करणं आपल्यासारख्या छोट्या युनिटला झेपणार नाही. पण लीनं केलेल्या त्या दोन गोष्टी आपण आजपासून करू शकतो.

दुसरीच घ्या. चाकण, भोसरी, वाळूज, कुठेही जा. चार वर्षं राबलेल्या ऑपरेटरला 22,000, आणि ऑर्डर आली म्हणून घाईत घेतलेल्या नव्या पोराला 24,500. मालकाला वाटतं, कुणाला कळणार? दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या शॉपला कळलेलं असतं! आणि त्या जुन्या माणसानंच नव्याला शिकवायचं असतं. नव्या माणसाचा आकडा ठरवण्याआधी जुन्यांचे आकडे समोर ठेवा, आणि फरक असेल तर आधी जुन्याचा वाढवा. महाग वाटेल. माझे ते 40 जॉब आठवा.

आता हिशोब कसा करायचा? वर्षभरात किती गेले, भागिले सरासरी माणसं, हे सगळे करतात. 31 पैकी 8 गेले, म्हणजे साधारण 26 टक्के. त्यातून फार काही कळत नाही. ते 8 जण किती दिवस राहून गेले ते लिहा. पहिल्या तीन महिन्यांत गेले असतील तर चूक भरतीत आहे. काम एक सांगितलं आणि दुसरं दिलं, किंवा रात्रपाळीनंतर घरी जायला गाडीच नाही. तीन-चार वर्षांनी गेले असतील तर बघा, त्यांना नवं मशीन शिकवलं का, सेटर केलं का, की आले तेव्हा जिथे होते तिथेच ठेवलं. आणि कोणत्या सुपरवायझरच्या हाताखालून गेले, तो रकाना विसरू नका. माझ्या यादीत 8 पैकी 5 जण एकाच शिफ्टचे निघाले.

काही मालक मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवतात, नाहीतर शेवटचा पगार अडवतात. कृपा करून हे करू नका. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पोरं खोली करून राहतात. एकाचे पैसे अडवलेत तर त्याच्या गावातला दुसरा कुणी तुमच्या गेटवर येणार नाही.

मी आता काय करते ते सांगते. महिन्यातून एकदा, पाच-सहा जणांशी, एकेकाशी वेगळं बोलते. केबिनमध्ये बोलवत नाही, तिथे कुणी मोकळं बोलत नाही. मशीनपाशी जाते, सुपरवायझर जवळ नसताना. "खूश आहेस ना?" असं विचारलं तर "हो ताई" हेच उत्तर येतं. म्हणून मी विचारते, "गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी घरी जाताना वाटलं, की आता बास झालं?"

आमचा ग्राइंडिंगचा ऑपरेटर आधी नुसता हसला. मग वर बोट दाखवून म्हणाला, "ताई, हा पंखा मार्चपासून बंद आहे. तीनदा सांगितलं."

मी हे जूनमध्ये ऐकत होते. मार्च, एप्रिल, मे, अख्खा उन्हाळा तो माणूस पंख्याशिवाय उभा होता, आणि त्यानं तीनदा सांगितलेलं माझ्यापर्यंत एकदाही आलं नव्हतं. पंखा त्याच संध्याकाळी बसवला. दुसऱ्या दिवसापासून सुपरवायझरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. कुणी काय सांगितलं, कधी सांगितलं आणि ते कधी झालं, असे तीन रकाने. शनिवारी ती वही मी वाचते.

पगार आता 5 तारखेला सकाळी जातो. त्यासाठी बँकेकडून कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तेव्हा उचलायच्या कर्जाची, मर्यादा वाढवून घ्यावी लागली, त्याचं व्याज भरते. हे मी त्या सेटरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत ताई." परत येतोस का, असं मी विचारलं नाही.

तुमच्याकडे पगार कितव्या तारखेला होतो, ते खाली लिहा. मालक असाल तरी लिहा, कामगार असाल तरी लिहा.