रात्रपाळीचा डबा आणि रक्तातलं ताक

सकाळचे साडेसात, सोलापुरातली एक साधी लॅब. ही ट्यूब बघा. रक्त मशीनमध्ये फिरवलं की वर पिवळसर सीरम दिसायला पाहिजे, इथं तर चक्क ताक! उपाशीपोटी आलात ना काका, असं विचारलं तर म्हणतात हो की, नाश्ता कुठं केलाय, फक्त पहाटे चारला रात्रपाळीत कडक भाकरी, शेंगाचटणी अन् वरून तेल, एवढंच.

एवढंच! अहो, शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं. आतड्यात पचलेलं हे तेल कायलोमायक्रॉन नावाच्या बारीक गोळ्यांत भरून रक्तात येतं, तीन-चार तासांनी त्याची गर्दी असते भरपूर, आणि हे गोळे केशवाहिनीच्या भिंतीतून सरळ पेशीत काही घुसत नाहीत. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागांच्या बोळासारखं आहे हे, सुताचा ट्रक मागापर्यंत जात नाही, कोपऱ्यावर हमाल लागतोच. रक्तातला हमाल म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम, केशवाहिनीला आतून चिकटून बसलेलं, समोरून गोळा गेला की त्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे तेलच, फोडायचं आणि त्यातून सुटी झालेली फॅटी ॲसिडं शेजारच्या पेशीत ढकलायची.

हे कळलं कसं, ती गंमतच आहे. 1943 मध्ये हान नावाच्या शास्त्रज्ञानं चरबीयुक्त खाणं खाल्लेल्या कुत्र्यांना हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, टोचलं, तर त्यांचं दुधाळ झालेलं रक्त बघता बघता स्वच्छ! हेपॅरिननं भिंतीला चिकटलेले हमाल सोडवून रक्तात आणले होते, पण तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. लायपोप्रोटीन लायपेज हे नाव कॉर्न नावाच्या शास्त्रज्ञानं 1955 मध्ये दिलं.

आता खरी मजा. एन्झाइम एकच, पण ड्युटी ठिकाणानुसार बदलते. जेवलात की इन्सुलिन वाढतं आणि चरबीच्या पेशींजवळचे हमाल जोरात, म्हणजे माल गोदामात. उपाशी असलात की तिथलं काम थंडावतं, ते थंडावायला एक वेगळं प्रोटीनच आहे, आणि हृदय-स्नायूंकडचं चालू राहतं, कारण हृदयाला निम्म्याहून जास्त इंधन फॅटी ॲसिडचंच लागतं. बाळाला दूध पाजणाऱ्या आईत तर हेच एन्झाइम स्तनात वाढतं, दुधातल्या चरबीसाठी. लिव्हरचं मात्र स्वतःचं वेगळं लायपेज असतं, ते उरलंसुरलं बघतं.

आणि गोदामातला माल बाहेर काढायचा तर? तिथं चरबीच्या पेशीच्या आत तिसरीच टोळी, एटीजीएल आणि हॉर्मोन सेन्सिटिव्ह लायपेज ही एन्झाइमं. त्यातलं एटीजीएल सापडलं 2004 मध्ये, म्हणजे अगदी परवा-परवा म्हणायचं.

काका दुसऱ्या दिवशी परत आले, ह्या वेळी खरंच बारा तास उपाशी. ही त्यांची ट्यूब, एकदम पिवळी. कालचं ताक गेलं कुठं, असं त्यांनी विचारलं. थोडं हृदयानं जाळलं काका, थोडं माग चालवताना हातापायात गेलं, आणि बाकीचं, लॅबवाल्या ताईंनी त्यांच्या पोटाकडे बघून नुसतं हसून घेतलं.